आधी कानाने वाचू द्या

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

शाळा आणि वाचन या विषयावर आलेल्या पत्रांपैकी तीन इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये तीन वर्षांपासून मराठी शिकवते. आठवी ते दहावी मिळून 94 मुलं आहेत. ग्रंथालय म्हणजे ऑफिसातलं एक लोखंडी कपाट, त्यात चारशेच्या आसपास पुस्तकं. मी शनिवारी वाचनाचा तास लावला, सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस ठेवलं, प्रत्येकाला सारांश लिहायला वही दिली. मुलं पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून आणतात. आठवीतली दहा-बारा मुलं तर जोडाक्षराला अडखळतात. मुख्याध्यापक म्हणतात, आधी एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल सांभाळा. मी कुठून सुरुवात करू?

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि माळ्यावरची जुनी ट्रंक खाली काढली. माझ्या वर्गातल्या मुलांच्या सारांशाच्या वह्या त्यात अजून आहेत. ‘या पुस्तकात लेखकाने ग्रामीण जीवनाचे विदारक चित्रण केले आहे’ हे वाक्य एकाच वर्षीच्या सात वह्यांत आहे. सातही मुलं शेतकऱ्यांची, आणि ‘विदारक’ म्हणजे काय ते एकालाही ठाऊक नव्हतं. बक्षीस त्यांतल्याच एकीला मी माझ्या हाताने दिलं होतं. म्हणून पहिलं सांगणं हे की बक्षीस आणि वही दोन्ही बंद करा. वाचल्याचा पुरावा मागितला की मुलं पुरावा तयार करण्याच्या मागे लागतात आणि पुस्तक बाजूला राहतं.

मला वाट सापडली ती गावच्या पारायणात. माघातला सप्ताह होता. विठ्ठलाच्या देवळापुढे मांडव, पाटांवर ज्ञानेश्वऱ्या, चाळीसेक माणसं एका सुरात वाचत होती. त्यांत आजोबांच्या शेजारी माझ्या नववीतला एक मुलगा बसला होता. वर्गात धडा वाचायला उभा केला की त्याचे कान लाल व्हायचे, तीन ओळींत चारदा थांबायचा. इथे तोच मुलगा ओवीवर बोट ठेवून वाचत होता. सातशे वर्षांपूर्वीची मराठी, अठरा अध्याय, नऊ हजारांच्या घरातल्या ओव्या. मध्येच त्याचं बोट मागे पडायचं, पण सूर कुणासाठी थांबत नव्हता, त्यामुळे बोटही पुढे सरकायचं. मागे बायका बसल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती, तरी कुठल्या अध्यायात काय येतं ते त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, तिथे कसं जमलं रे? तो म्हणाला, “बाई, तिथं सगळीच वाचत असतात, मी चुकलो तरी कळत नाही. आणि आजोबांच्या तोंडून आधी ऐकलेलं असतंय.”

या दोन वाक्यांवर मी पुढची वीस वर्षं शिकवलं.

जो शब्द कानाने ओळखीचा केलेला असतो तो डोळ्याला चटकन सापडतो. आमच्या भागातली मुलगी घरात ‘मी येतो’, ‘मी गेलो होतो’ म्हणते. आई, आजी, शेजारीण सगळ्या तशाच बोलतात, आणि मला ती बोली फार प्रिय आहे. पण पुस्तकातली मुलगी ‘मी येते’ म्हणते, ‘ओशाळते’, ‘हिरमुसते’. हे शब्द घरात, शेतात, बसमध्ये कुठेच कानावर पडलेले नसतात. मग प्रत्येक शब्द अक्षर अक्षर जोडून उभा करावा लागतो, आणि वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. अशा मुलाच्या हातात पुस्तक देऊन ‘वाच’ म्हणणं म्हणजे पोहायला न शिकवता मलप्रभेत ढकलणं.

तेव्हा रोज पंधरा मिनिटं तुम्ही स्वतः मोठ्याने वाचून दाखवा. शनिवारचा एक तास उपयोगाचा नाही, सहा दिवसांत गोष्टीचा धागा सुटतो. मी दुपारच्या जेवणानंतरच्या तासातली पहिली पंधरा मिनिटं घेत असे. भात-सांबार पोटात गेलेलं असतं, त्या वेळी व्याकरण कुणाच्याच डोक्यात शिरत नाही. आदल्या रात्री तो भाग घरी दोनदा वाचून जा. कुठे आवाज खाली आणायचा, कुठे थांबायचं ते ठरवून ठेवा. मध्येच शब्दाचा अर्थ सांगू नका. वाचून झालं की ‘यातून काय बोध घेतला?’ असं तर चुकूनही विचारू नका. ऐन रंगात आलेल्या जागी थांबा आणि पुस्तक टेबलावर, मुलांच्या हाताला येईल असं ठेवून द्या. संध्याकाळची बस येईपर्यंत कुणीतरी ते उघडतंच. पुढचं कळल्याशिवाय ज्याला घरी जाववत नाही, तो तुमचा पहिला वाचक. त्याला ते पुस्तक घरी नेऊ द्या, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याजवळ आणायला तो विसरला तर रागावू नका.

जुलैत जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस पत्र्यावर असा कोसळतो की पहिल्या बाकाच्या पुढे आवाज जात नाही. तेव्हा मुलांना टेबलाभोवती जवळ घ्या. ओले सदरे, एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी, कंदिलाभोवती जमावं तशी मुलं जमतात. माझी सगळ्यांत चांगली वाचनं त्या गर्दीत झाली.

पुस्तक निवडताना त्याचं नाव किती मोठं आहे ते पाहू नका. पहिलं पान मोठ्याने वाचून बघा. जिभेवर ते चाललं तर घ्या. संवाद असलेली, माणसं चालती-बोलती असलेली गोष्ट आधी, वर्णनं नंतर. भुताखेतांची, चोरांची, शिकारीची गोष्ट हलकी म्हणून टाळू नका. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला रात्री घाबरून जागं राहायला आवडतं.

अडखळणाऱ्या दहा-बारा मुलांविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त टोचलं ते तेच. या मुलांना अडचणीपेक्षा लाज जास्त असते. आठवीतल्या मुलाला मोठ्या अक्षरांचं चित्रांचं पुस्तक दिलं तर तो फेकून देईल, कारण ते बारक्यांचं आहे. मी एक युक्ती केली. शेजारच्या प्राथमिक शाळेतल्या बाईंशी बोलून ठेवलं आणि आमच्या या मुलांना सांगितलं, “शुक्रवारी दुसरीच्या पोरांना गोष्ट वाचून दाखवायला जायचंय, तयारी करा.” आता चित्रांचं पुस्तक हातात घ्यायला कारण मिळालं. एकेक मुलगा तेच पुस्तक आठवडाभर आठ-दहा वेळा वाचायचा, घरी धाकट्या बहिणीला ऐकवायचा. शुक्रवारी दुसरीची पोरं तोंडाकडे बघत राहायची. परत येताना आमच्या मुलांची चालच वेगळी असायची. अशी पुस्तकं नॅशनल बुक ट्रस्टची मराठीत स्वस्त मिळतात. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ संकेतस्थळावर मराठी आणि कन्नड दोन्हीतल्या गोष्टी फुकट आहेत, छापूनही घेता येतात. आणि एक नियम पाळा : तयारी करायला वेळ न देता कुठल्याही मुलाला वर्गापुढे वाचायला उभं करू नका. उद्या कोणता परिच्छेद त्याच्याकडे येणार ते आज सांगा.

कपाटाविषयी. ते ऑफिसात आहे, म्हणजे मुलाला पुस्तकासाठी मुख्याध्यापकांच्या दारातून जावं लागतं. आधी ते व्हरांड्यात किंवा वर्गात आणा. पुस्तक हरवलं तर आपल्या पगारातून जाईल ही भीती मला माहीत आहे, दाखल नोंदवहीवर सही आपलीच असते. माझ्याकडे पहिल्या वर्षी अकरा पुस्तकं परत आली नाहीत. मी शाळा समितीच्या बैठकीत त्यांची यादी वाचली आणि म्हणाले, ही पुस्तकं कुठल्यातरी घरात आहेत, म्हणजे ती गावातच आहेत. समितीने ठराव करून ती निर्लेखित केली, म्हणजे नोंदवहीतून कमी केली. तुम्हीही हे तोंडी ठेवू नका, वर्षाला इतकी पुस्तकं गहाळ धरली जातील असा ठराव आधीच लिहून घ्या. चारशेपैकी मुलांच्या उपयोगाची किती आहेत तेही एकदा बसून बघा. जुनी गाईडं, अहवाल, कुणीतरी दान दिलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे बाजूला काढले तर माझ्या अंदाजाने शंभर-सव्वाशे उरतील. तेवढी पुरतात. नवी हवी असतील तर गणपतीला आणि जत्रेला पुणे-मुंबई-गोव्याहून गावी येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना पुस्तकांच्या नावांची चिठ्ठी द्या. ‘काहीतरी द्या’ म्हटलं की भिंतीवरचं घड्याळ येतं.

आपल्याकडच्या पावसात कागदाला बुरशी धरते आणि वाळवी भिंतीतून येते. कपाट विटांवर उचलून, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. पुस्तकं घट्ट कोंबू नका. दसऱ्याला पाटीपूजन होतं, त्याच सुमारास सगळी पुस्तकं बाहेर काढून सावलीत, वाऱ्याला उघडी करून ठेवा. कडक उन्हात नको, पानं कडकडीत होऊन तुटतात. हे काम मुलांकडून करून घ्या. पुस्तक झटकता झटकता कितीजण तिथेच बसून वाचायला लागतात ते बघा आणि त्या दिवशी कामाची घाई करू नका.

महाराष्ट्रात 2015 पासून 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, वाचन प्रेरणा दिन होतो. आपल्या शाळा कर्नाटकाच्या, तिकडचं परिपत्रक आपल्याला येत नाही, आणि त्या सुमारास बहुधा दसऱ्याची सुट्टीही असते. त्याची हळहळ नको. आपल्याकडे काय आहे ते बघा. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर इथे साहित्य संमेलनं भरतात. एवढ्या लहान गावांनी स्वतःच्या खर्चाने वर्षानुवर्षं संमेलन चालवावं, ही आपल्या भागाची मोठी कमाई आहे. पण एक गोष्ट मला दरवर्षी खुपते. ग्रंथदिंडीत आपल्या मुली नऊवारी नेसून, मुलं फेटे बांधून दोन तास लेझीम खेळतात, पालखीत ग्रंथ असतात, आणि दिंडी संपली की मुलांना नाश्ता देऊन थेट गाडीत बसवतात. पुस्तकांचे स्टॉल दहा पावलांवर असतात. तुम्ही नेलीत तर प्रत्येक मुलाच्या हातात पन्नास रुपये आणि अर्धा तास द्या, आणि त्या अर्ध्या तासात ‘हे घे, ते घेऊ नको’ म्हणू नका.

मुख्याध्यापकांना एवढं सांगा : एसएसएलसीच्या 625 पैकी 125 गुण एकट्या पहिल्या भाषेचे, म्हणजे मराठीचे आहेत, आणि विज्ञान, समाज विज्ञानाचे प्रश्नही मुलाला मराठीतच वाचून समजून घ्यायचे आहेत. तरीही जानेवारीनंतर दहावीच्या वर्गात मी पंधराची दहा मिनिटं करत असे. मुलांच्या पोटात परीक्षेचा गोळा असतो, त्या वेळी ताणण्यात अर्थ नाही. मात्र बंद कधी केलं नाही. फेब्रुवारीत तीच मुलं म्हणायची, “बाई, आज गोष्ट चुकवू नका.”

प्रश्न : माझा मुलगा बेळगाव तालुक्यातल्या मराठी शाळेत नववीत आहे. काही महिन्यांपासून तो पंचायतीच्या ग्रंथालयातून कन्नड गोष्टींची पुस्तकं आणून वाचतो. माझ्या वडिलांनी सीमालढ्यात तुरुंगवास भोगला. घरात मराठी टिकावी म्हणून आम्ही पोटाला चिमटा घेऊन मुलांना मराठी शाळेत घातलं. हा कन्नडकडे वळला तर मराठी सुटेल, अशी भीती वाटते. त्याला अडवू का?

उत्तर : भाऊ, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. ज्या घराने भाषेसाठी तुरुंग सोसला, त्या घरातल्या बापाला ही भीती वाटणं मी समजू शकते. पण मुलाला अडवू नका. वाचणारा मुलगा आधी वाचनाचा होतो, आणि एका भाषेत लागलेली गोडी दुसऱ्या भाषेत हात धरून नेते. वाचणंच बंद केलं तर तो कन्नडकडून मराठीकडे येणार नाही, तो मोबाईलकडे जाईल.

द. रा. बेंद्रे धारवाडचे. घरची भाषा मराठी, कविता कन्नडमध्ये, 1973 चं ज्ञानपीठ त्याच कवितेसाठी मिळालं, आणि त्यांनी मराठीतही लिहिलं. उमा कुलकर्णी आपल्या बेळगावच्या माहेरवाशीण. कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पांच्या कादंबऱ्या त्यांनी मराठी घरांत पोहोचवल्या. पती विरूपाक्ष कन्नड वाचून दाखवायचे, त्या ऐकून मराठीत उतरवायच्या. त्यामुळे मराठी काही कमी झाली नाही, चांगली वजनदार झाली.

तुम्ही एवढं करा. रात्री जेवताना त्याला म्हणा, आज काय वाचलंस ते आम्हाला मराठीत सांग. सांगताना तो अडेल, कन्नड शब्दाला मराठी शब्द शोधेल, आजीला विचारेल. ‘तुप्प’ म्हणजे आपलं तूपच, ‘अडकत्तरी’ म्हणजे अडकित्ता, आणि अक्का-अण्णा तर दोन्हीकडे एकच, हे त्याला कळेल तेव्हा त्याचा चेहरा बघा. मराठीवर याहून चांगली मेहनत शिकवणीतही होत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या हातातली आहे. कर्नाटकात पाच हजारांहून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालयं आहेत. 2020 च्या बालदिनी ‘ओदुव बेळकु’, म्हणजे वाचनाचा उजेड, ही मोहीम सुरू झाली, तेव्हापासून 6 ते 18 वयाच्या मुलांना तिथे फुकट सभासद होता येतं. तुमच्या मुलाला तिथे मराठी पुस्तकं दिसत नसतील तर त्याचा दोष मुलाकडे नाही. गावातले पंचवीस-तीस पालक मिळून पंचायतीकडे लेखी अर्ज द्या, सोबत मराठी पुस्तकांची यादी जोडा, पोच घ्या, ग्रामसभेत विषय मांडा. कर आपणही भरतो. आणि पुस्तकं आली की ती न्यायला माणसं पाठवा, नाहीतर पुढच्या वर्षी ‘कुणी नेत नाही’ म्हणून ती यादी रद्द होईल.

प्रश्न : बाई, मी निपाणीजवळच्या गावात नववीत शिकते. आई विड्या वळते. शाळेतून आल्यावर मला पानं कापायला बसावं लागतं, मग स्वयंपाक, मग अभ्यास. गोष्टीचं पुस्तक वाचायला वेळच मिळत नाही. बाबांच्या मोबाईलवर वाचायला घेतलं की आई रागावते, तिला वाटतं मी खेळतो. मी काय करू?

उत्तर : बाळ, तू ‘खेळतो’ लिहिलंस ते मी तसंच ठेवायला सांगितलं आहे. माझी आईही तसंच बोलायची.

तुला एक खरी हकिकत सांगते. केरळात कण्णूर भागात विडी कामगार ओळीने बसून विड्या वळायचे. त्यांतला एकजण काम बाजूला ठेवून सगळ्यांना वर्तमानपत्र, पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याची मजुरी बुडू नये म्हणून बाकीचे आपल्या वळलेल्या विड्यांतून त्याचा वाटा काढून द्यायचे. हात तंबाखूत आणि कान गोष्टीत, अशी कितीतरी माणसं तिथे शहाणी झाली.

तू आईला म्हण, “आई, अर्धा तास पानं कापते आणि पाव तास तुला गोष्ट वाचून दाखवते.” मोबाईल एकटीने कोपऱ्यात घेऊन बसू नकोस. आईच्या शेजारी बस, पडदा तिला दिसेल असा धर आणि मोठ्याने वाच. ‘बालभारती’चं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं. त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात, बाईंना किंवा सरांना सांगून एकदा बाबांच्या फोनवर उतरवून घे. छोटी गोष्ट निवड. चार-पाच पानांच्या वर नको, कारण आईला मोजून हजार पूर्ण करायचे असतात. पहिल्या दिवशी ती ऐकतेय असं वाटणार नाही. वाचत राहा. शेजारच्या काकू आल्या तर त्यांनाही बसू दे. आणि तंबाखूची धूळ नाकात जाते, म्हणून दाराजवळ, वाऱ्याच्या तोंडाशी बस.

पानं कापायला रोज किती वेळ जातो ते तू लिहिलेलं नाहीस. तो तुझ्या अभ्यासावर आणि झोपेवर येत असेल तर वर्गशिक्षिकेला स्पष्ट सांग, घाबरू नकोस. मलाही लिही. आणि आईने हातातली विडी थांबवून “मग पुढं काय झालं?” असं ज्या दिवशी विचारलं, ती गोष्ट कोणती होती तेही त्याच पत्रात कळव.